एका ताटाचं घर

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. बरंच लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग तेवढा इथे देते.

"काकू, मी २७ वर्षांचा. मूळचा बऱ्हाणपूरचा. बाबा पॉवरलूमवर कामाला होते, मी सातवीत असताना ते गेले. आईनं शिवणकाम करून मला आणि ताईला वाढवलं. ताईचं लग्न झालं. मी इंदूरला एका सीएच्या ऑफिसात आहे. आधी दोन वर्षं पीजीत काढली. आता आठ महिने झाले, सुदामानगरात एक खोली आणि किचन भाड्यानं घेऊन एकटा राहतो. महिन्याला ३२,००० हातात येतात. आईला ८,००० पाठवतो. ते, भाडं, डबा, पेट्रोल सगळं धरून २६,००० खर्च होतात. बँकेत १,३८,००० साठलेत.

शाळेत असताना दरवर्षी एक संस्था आम्हाला वह्या द्यायची. स्टेजवर नाव पुकारायचे, गठ्ठा हातात देताना फोटो काढायचे. आणि आमच्या गल्लीत एक किराणावाले काका होते. आमची उधारी महिनोन्‌महिने चालायची, पण काका आईची पिशवी मुद्दाम सगळ्यात शेवटी भरायचे, बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर. म्हणजे उधारीचा आकडा कुणापुढे बोलायला नको. तेव्हाच ठरवलं होतं, कमवायला लागलो की आपणही द्यायचं.

आता कमावतो, पण हात पुढे होत नाही. मागच्या महिन्यात कामाच्या मावशींनी मुलीच्या शाळेसाठी २,००० मागितले. मी म्हणालो, 'सध्या जमणार नाही.' त्याच रात्री ३४० रुपयांचं जेवण मागवलं आणि दोन घासांपुढे जाईना. घरात ताट एकच, कप एकच. आई आली होती तेव्हा आम्ही आळीपाळीनं जेवलो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मी ऑफिसात असतो, तर वरच्या घरमालकीण काकू माझी टाकी भरून ठेवतात. त्याचाही संकोच वाटतो. कुणाचं काही घ्यायला नको वाटतं आणि कुणाला द्यायचंही होत नाही. मी कंजूष झालोय का? आधी स्वतःचं नीट बसवून मग द्यावं, की असं म्हणता म्हणता आयुष्य निघून जाईल? पुढच्या महिन्यात आई परत येते आहे."

चि. मुला, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या दोन हजारांपाशी अडखळले, दुसऱ्यांदा ताटापाशी. ताटाचं मी शेवटी बोलणार आहे. आधी दोन हजारांचं, कारण ते तुझी झोप घालवतायत.

तू कंजूष नाहीस. कंजूष माणूस नाही म्हणतो आणि विसरून जातो. तुला महिना झाला तरी ते वाक्य टोचतंय, इतकं की अनोळखी बाईला बसून चार पानं लिहिलीस. हात तुझा अडतोय हे खरं, पण तो धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी मला दिसतात. एक भीती. दुसरीचं नाव तू घेतलं नाहीस, पण पत्रभर तीच आहे: ते स्टेज.

भीतीचं आधी, कारण ते सोपं आहे. ज्या घरात महिनाअखेर डोळ्यांनी पाहिली आहे, तिथल्या मुलाला बँकेतला पैसा कधी पुरेसा वाटत नाही. पन्नास हजार झाले की लाख हवेसे वाटतात, लाख झाले की दोन. ही भीती बोलून जात नाही. तिला आकडा द्यावा लागतो. तू हिशेबाच्या ऑफिसात बसतोस, तेव्हा तुझ्या भाषेतच सांगते. महिन्याचा खर्च २६,०००, त्यात आईचे पैसे आलेच. उद्या नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत सहा महिने धर. झाले १,५६,०००. तुझ्याकडे १,३८,००० आहेत. म्हणजे १८,००० कमी आहेत. महिन्याला तुझे ६,००० उरतात. मी पुढे जे सांगणार आहे त्यात ६०० जातील, राहिले ५,४००. तरी चौथ्या महिन्यात तुझा आकडा पूर्ण होतो. तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाक आणि तिच्याकडे बघणं सोड. भीतीचा वाटा तिथे संपला. त्यानंतर जी भीती वाटेल ती सातवीतल्या मुलाची असेल, सत्तावीस वर्षांच्या माणसाची नसेल. तिला प्रेमानं गप्प करायचं, तिचं ऐकून निर्णय घ्यायचे नाहीत.

एक मात्र राहिलंय, आणि त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. आईचा आरोग्यविमा. ऑफिसचा नसेल तर तुझा आणि आईचा असा स्वतंत्र घे. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागू शकतं, म्हणून जितका लवकर घ्याल तितकं बरं. त्याच्या हप्त्यामुळे वरचा आकडा पूर्ण व्हायला आणखी काही महिने लागले तर लागू देत. एक ऑपरेशन निघालं तर तुझे दोन वर्षांचे १,३८,००० आठवड्यात जातील आणि तुझी भीती खरी ठरेल. ते होऊ द्यायचं नाही.

आता देण्याकडे येऊ. आपल्या भाषेत एक फार शहाणा शब्द आहे: देणं. माझ्यावर त्याचं देणं आहे, म्हणजे कर्ज. आणि देणं म्हणजे दुसऱ्याच्या हातावर ठेवणंही. जुन्या लोकांनी दोन्हीला एकच शब्द वापरला आणि क्रमही पाळला. पहिलं देणं चुकवायचं, मग दुसरं द्यायचं. तुझ्या घरात पहिलं देणं कोणाचं आहे? मावशींचं. त्यांचा पगार १ तारखेला, मागायच्या आत, हातात पडतो का? महिन्यात दोन-तीन खाडे झाले तर तू पैसे कापतोस का? तुला ऑफिसात रजा मिळते, तशी त्यांनाही हवी. दिवाळीला एक पगार जास्तीचा, हे आपल्याकडे चालत आलंय. हे दान नाही आणि याला उदारपणा म्हणायचंही नाही. हे त्यांचं आहे. एवढं चोख झालं की पुढचं देणं हलकं होतं. नाहीतर पगार दहा तारखेला देणारी माणसं मंदिरात अकराशेची पावती फाडताना मी पाहिली आहेत, आणि मला ते कधी पटलं नाही.

दुसऱ्या देण्यासाठी तू ज्या शहरात राहतोस तिथलीच रीत सांगते. होळकरांच्या घरात दोन हिशेब वेगळे असायचे, दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. खासगी ही राणीच्या हातातली स्वतःची मिळकत. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून ती १७३४ साली मिळाली, आणि त्यांच्यामागे अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाईंनी काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, ते सगळं आपण शाळेत पाठ केलं. पण हा दानधर्म त्या खासगीतून करायच्या, हे कोणी फारसं सांगत नाही. फौजेच्या पगाराची थैली आणि धर्मशाळेची थैली एक नव्हती. म्हणून तर त्यांना मोकळ्या हातानं देता आलं. या थैलीतून जितकं जाईल तितकं जाऊ दे, त्यामुळे राज्य उघड्यावर पडणार नाही, ही खात्री होती.

तुझीही एक खासगी कर. महिन्याला ६०० रुपये, १ तारखेला, भाड्याच्या आधी. पाकिटात ठेव किंवा वेगळं बचत खातं काढ. माझं विचारशील तर पाकीट बरं, कारण ते हाताला लागतं. तुझ्या पगाराचे हे दोन टक्केही नाहीत, आणि मला मुद्दाम इतकंच हवंय. देण्याची सवय ही पोहण्यासारखी, पहिल्या दिवशी खोल पाण्यात जायचं नाही. पगार वाढेल तसा आकडा वाढव. या महिन्यात कुणाला लागलं नाही तर पैसे पाकिटात राहू देत, पुढच्या महिन्यात १,२०० होतील. त्यातून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. आणि पाकीट रिकामं असताना कोणी मागितलं तर सरळ सांगायचं, "या महिन्यात माझ्याकडचे संपलेत, पुढच्या महिन्यात विचारा." त्या रात्री तुला जेवण जाईल, कारण तू खरं बोललेला असशील. मावशींना "जमणार नाही" म्हणालास ते टोचलं, कारण ते खरं नव्हतं.

गणपतीची वर्गणी, ऑफिसातल्या कुणाच्या निरोपाचे पैसे, देवळातली पेटी, सगळं यातूनच. कोणी उसने मागितले तर देण्याआधी मनाशी एकदाच ठरव: परत आले नाहीत तर मी या माणसाशी पहिल्यासारखा बोलू शकेन का? बोलू शकत असशील तेवढीच रक्कम दे. दहा हजार मागणाऱ्याला दोन हजार देऊन "हे परत करू नकोस" म्हणणं, दहा देऊन सहा महिने त्याच्या तोंडाकडे बघत राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं. दोघांसाठीही.

(करसवलतीचं तू विचारलं नाहीस, पण ऑफिसात कोणीतरी बोलेलच. नव्या करपद्धतीत देणगीवर वजावट नाही. जुन्या पद्धतीत आहे, पण २,०००च्या वरच्या रोख देणगीवर तिथेही मिळत नाही. सहाशे रुपयांसाठी त्याच्या मागे लागू नकोस.)

आता स्टेज. इथे मला जरा थांबायचंय.

तुला दोन माणसांनी दिलं. एकानं नाव पुकारून दिलं, फोटो काढला. दुसऱ्यानं दुकान रिकामं व्हायची वाट पाहिली. संस्थेच्या वह्या कदाचित रकमेनं जास्त असतील, आणि त्या देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेलही. त्या वह्यांवर तू शिकलास, ते उपकार खरे आहेत. पण इतक्या वर्षांनी तुला आठवतंय ते काय? काकांनी शेवटी भरलेली पिशवी. मला वाटतं, मावशी दारात उभ्या राहून पैसे मागत होत्या तेव्हा तुला त्यांच्या जागी तो स्टेजवरचा मुलगा दिसला. आणि त्या मुलाला पुन्हा तिथे उभं करायला तुझा हात झाला नाही. तू नाही म्हणालास ते पैसे वाचवायला नव्हे. तुला ती जागाच सहन होत नाही. घेणाऱ्याची नाही, आणि देणाऱ्याची तर त्याहून नाही.

म्हणून तुला द्यायला शिकायचंय असं मी म्हणणार नाही. कसं द्यायचं ते शिकायचंय, आणि त्यातला पहिला धडा काकांनी तुला दिलेलाच आहे.

दुसरा माझ्या आईकडचा. माझं लहानपण इंदूरच्याच रामबागेत गेलं. वडील मिलमध्ये कारकून, घरात सहा माणसं, आणि दर गुरुवारी एक मुलगा आमच्याकडे वार लावून जेवायला यायचा. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं: खेड्यातून शिकायला आलेली गरीब मुलं सात घरी सात वार जेवायची. आमच्याकडे गुरुवार. आई त्याचा पाट माझ्या आणि दादाच्या मध्ये मांडायची, कधी कडेला नाही. पण मला लक्षात राहिलंय ते तिचं वाढणं. "आणखी भात हवा का?" असं तिनं त्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि तिला ते माहीत होतं. ती वाढून मोकळी व्हायची आणि मग म्हणायची, "अगोबाई, जास्तच पडला की रे, आता संपव बाबा." तो मान खाली घालून संपवायचा. पुन्हा तेच. भात संपायच्या आत आणखी एक मूद पडायची आणि आई आपलीच चूक झाल्यासारखा चेहरा करायची. मला वाटायचं, आईचा हात खरंच चुकतो. पुढे मी स्वतः वाढायला लागले तेव्हा कळलं की दर गुरुवारी नेमका एकाच पानावर हात चुकत नसतो.

एका उन्हाळ्यात तो गावाहून कैऱ्या घेऊन आला, धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, दहा-बारा. आई "कशाला आणल्यास" म्हणाली नाही. लगेच विळी घेऊन बसली, लोणचं घातलं, आणि पुढच्या गुरुवारी आमच्या सगळ्यांच्या पानात ते वाढताना सांगितलं, "हे याच्या गावचं." तो मुलगा त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मान वर करून जेवला. मी सात-आठ वर्षांची असेन. घेता येणं हाही देण्याचाच भाग आहे, हे मला तिथे कळलं, कोणी शब्दांत सांगितलं नाही तरी.

तुझ्या घरमालकीण काकूंना तू आठ महिन्यांत एकदाही चहाला खाली बोलावलं नाहीस ना? कप एकच आहे, बोलावणार कसं. त्या तुझी टाकी भरतात आणि तुला संकोच वाटतो. अरे, त्यांना आनंद होत असेल. पण तू त्यांच्याकडून चोरून घेतल्यासारखं घेतोस, म्हणून ते तुला ओझं होतं. एकदा त्यांना सांग, "काकू, तुम्ही पाणी भरता म्हणून मी निर्धास्त ऑफिसात जातो." कैऱ्यांचं लोणचं असंच घालायचं असतं.

तुझ्यासारख्या मनाच्या माणसाला एक देणं मी आवर्जून सुचवते, त्याला पैसे लागत नाहीत. रक्तदान. वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५च्या वर आणि तब्येत ठीक असली की पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं. एम. वाय. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत जा. तपासणी, रक्त देणं, मग बिस्किट-चहा, सगळं मिळून तास-दीड तास. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढता येतात, म्हणजे तुझी एक पिशवी वेगवेगळ्या पेशंटना जाऊ शकते. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तपेढीला एका दिवसाचं मोठं शिबिर पुरत नाही, वर्षभर अधूनमधून येणारी माणसं लागतात. पण मी हे तुला का सांगते आहे? तिथे स्टेज नाही. तुझं रक्त कोणाला गेलं ते तुला कळणार नाही, त्यालाही तुझं नाव कळणार नाही. कोणी कोणापुढे उभं राहत नाही. तुझ्या हाताला मोकळं व्हायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. शिबिरात कोणी फोटोसाठी प्रमाणपत्र हातात धरायला सांगितलं तर हसून नको म्हण.

मावशींकडे परत येऊ. उद्या त्या आल्या की पैशांचं पाकीट काढू नकोस. आधी विचार, "मुलीच्या शाळेचं काय झालं?" महिना उलटलाय. कदाचित त्यांनी कुठूनतरी व्याजानं उचलले असतील, तर ते फेडायला मदत कर. तुझ्या दोन महिन्यांच्या खासगीत बाराशे होतील, बाकीचे आठशे एवढ्या वेळेपुरते बचतीतून काढ, माझी परवानगी आहे. कदाचित काम झालंही असेल. मग तो विषय तिथेच सोड, माफीचं मोठं भाषण नको, त्यानं त्याच अवघडतील. हे बोलणं दारात करू नकोस. त्यांना आत बसायला सांग, पाणी दे, आणि तूही खाली बस. एक माणूस उभं आणि एक बसलेलं असलं की ते परत स्टेज होतं.

आणि मुलीच्या शाळेबद्दल विचारशीलच, तर तिचे कागद बघायला माग. मध्य प्रदेशात शिष्यवृत्तीपासून बाकीच्या बहुतेक योजनांपर्यंत सगळं समग्र आयडीवर चालतं, म्हणजे राज्य सरकारनं दिलेल्या ओळख क्रमांकावर. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. आधारवर नाव एक, समग्रमध्ये दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, आणि अर्ज महिनोन्‌महिने अडकतो. मावशींना चार कामं सोडून दुकानात रांग लावावी लागते, तिथला पोरगा दर खेपेला पैसे घेतो आणि चूक तशीच राहते. तू दिवसभर ऑफिसात हेच करतोस. पॅनवरचं नाव, बँकेतलं नाव, आधारवरचं नाव जुळवणं हे तुझ्या हातचं काम. रविवारी तासभर त्यांच्यासाठी बैस. तुझ्या दोन हजारांनी मुलीचं एक सत्र निघालं असतं. कागद जुळले आणि ती पात्र असली तर शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं तिच्या खात्यात येत राहील. आणि यात तुला देणारा म्हणून वर बसावं लागत नाही, शेजारी बसून मोबाइलवर ओटीपी टाकावा लागतो.

आता ताट.

एकटं राहणं म्हणजे काय, हे तुला पीजीतून बाहेर पडल्यावर कोणी सांगितलं नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की ओला-सुका वेगळा घेऊन खाली धावायचं, लाइटचं बिल, गॅसचा नंबर, हे सगळं तू शिकलास, ते पत्रावरून दिसतं. पण तू घर एका माणसाच्या मापाचं शिवून घेतलंस. एक ताट, एक कप, एक उशी असेल बहुतेक. काटकसर म्हणून नाही, मला नाही तसं वाटत. तुला वाटलं असणार, दुसरं ताट घ्यायचं म्हणजे कोणीतरी यायला हवं, आणि कोणी आलं तर त्याला द्यावं लागणार. मग दारच नको. आईसुद्धा त्या दारातून आत आली ती आळीपाळीनं जेवायला. "आधी तू जेव" हे ती बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षं म्हणत आली असणार, कारण तेव्हा अन्न कमी होतं. आता अन्न आहे, तरी तिला तेच म्हणावं लागलं, फक्त ताटामुळे. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

तू विचारलंस, आधी स्वतःचं बसवावं की आधी द्यावं. घर बसतं तेच दुसऱ्या ताटानं. रविवारी सकाळी पोहे कर. पाव किलोत चौघांचं होतं. इंदुरी पद्धतीनं कर, फोडणीत बडीशेप घाल, पोहे कढईत परतून कोरडे करू नकोस, खाली पाणी उकळत ठेवून वाफेवर मऊ कर, वरून शेव, कांदा आणि जिरावन मसाला. जिलबी कोपऱ्यावरून आण. वरच्या काका-काकूंना बोलाव. ऑफिसातल्या त्या एखाद्याला बोलाव जो दुपारी एकटा डबा खातो, असा प्रत्येक ऑफिसात एक असतो. त्यांनी काही आणलं तर घे आणि सगळ्यांच्या ताटलीत वाढ.

तू सुदामानगरात राहतोस, तेव्हा हेही आठव की सुदाम्याच्या बायकोनं ते मूठ-मूठ पोहे शेजारपाजारच्या चार घरांतून मागून आणले होते. ते घेऊन तो द्वारकेला गेला आणि संकोचानं पुरचुंडी काखेत लपवत राहिला. कृष्णाला ती ओढून घ्यावी लागली. मला त्या गोष्टीत सोन्याची नगरी कधी आवडली नाही. मला आवडते ती ओढाओढ. एक लपवतोय, दुसरा "माझ्यासाठी काय आणलंस?" म्हणून मागतोय, आणि दोघं मित्र आहेत.

आई पुढच्या महिन्यात येते आहे म्हणालास. ती यायच्या आत एका संध्याकाळी राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात जा. स्टीलची ताटं तिथे वजनावर मिळतात. पातळ घेऊ नकोस, वाजतात आणि वाकतात. चार ताटं, चार वाट्या, चार पेले, चार कप. हे खासगीतून नाही, घरखर्चातून. आणि आई आली की तिला पहिल्याच दिवशी चौघांचा स्वयंपाक करायला लावू नकोस. तिला पाटावर बसव, शेजारी आपलं ताट मांड, आणि भात तू वाढ. विचारू नकोस, वाढ. जास्त पडला तर संपव म्हण.